होडी पाण्यात घालण्याआधी

मी वांगीसुद्धा दाबून बघितल्याशिवाय घेत नाही. नारळ कानाशी धरून हलवते, बल्ब दुकानातच लावून मागते, आणि मुलुंडच्या बाजारातले निम्मे भाजीवाले मला येताना बघून दुसरीकडे बघायला लागतात. त्यामुळे खारदांड्याच्या कोळीवाड्यात, समुद्राकाठी त्या पिवळ्या कयाकसमोर उभी राहून मी "चालवून बघायची गरज नाही, अशीच घेते" म्हणाले, तेव्हा माझा नवरा माझ्या तोंडाकडे बघतच राहिला.

कयाक म्हणजे समुद्रात वल्हवत न्यायची लांब, निमुळती होडी. ही फायबरची होती, आमच्या हॉलमध्ये तिरकी ठेवली तरी मावली नसती एवढी. मध्ये बसायचं भोक, सोबत दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं आणि एक लाइफ जॅकेट. विकणारा तिशीतला होता, अंधेरीला कुठल्याशा कंपनीत कामाला. लॉकडाऊननंतर हौसेने घेतली, आता लग्न ठरलंय, म्हणून काढून टाकत होता.

"ताई, एक राउंड मारा ना. बिनधास्त," तो म्हणाला. "पाणी आज एकदम शांत आहे. मी आहे ना इथे."

"नको."

"अगं, टेस्ट न करता कोण घेतं यार?" नवरा म्हणाला. "पाणी आत यायला लागलं तर वाट लागेल ना! मग काय, लोणचं घालणार आहेस तिच्यात?"

साकीनाक्याला एका गाळ्यात फायबरचे पार्ट बनवतात, तिथे तो सुपरवायझर आहे. त्यामुळे त्याला राहवेना. त्याने वाकून होडीला चारी बाजूंनी टकटक केली, पोटाखालून हात फिरवला. माल चांगला आहे, पण बारीक चीर असेल तर ती पाण्यातच कळते, असं त्याचं मत पडलं. मी विकणाऱ्याला आठवड्याभरात कळवते म्हटलं आणि चालायला लागले. रिक्षात बसल्यावर नवरा गप्प होता. एरवी त्याला गप्प बसवायला मला बराच आवाज चढवावा लागतो. पण जागा खारदांडा होती, आणि तिथलं सगळं त्याला ठाऊक होतं.

माझा भाऊ खारदांड्याहून गेला. गेला म्हणजे नेमकं काय झालं, हे आम्हाला आजतागायत कळलेलं नाही.

आम्ही तेव्हा घाटकोपरला डोंगरावरच्या चाळीत राहायचो. बाबांची गिरणी बंद पडली होती आणि ते एका सोसायटीत वॉचमन होते. गाव मालवणाकडचं, अगदी खाडीच्या काठावरचं, पण मुंबईत आम्हाला कुणी कधी पाण्याजवळ नेलं नाही. भाऊ कॉलेजात होता, मी दहावीत. एका सकाळी त्याने चहा प्यायला, सायकल खांद्यावर घेऊन पायऱ्या उतरला आणि खालून ओरडला, "येतंय गे!" आई दारात उभी होती. कुठे चाललास, असं तिने विचारलं नाही.

आमच्यात विचारत नाहीत. बाहेर पडणाऱ्याला उंबऱ्यावर 'कुठे' म्हणून विचारलं की त्याचं काम बिघडतं, वाटेत काहीतरी आडवं येतं, असं आईच्या माहेरीही मानायचे आणि सासरीही. कुणी चुकून विचारलंच, तर निघालेल्याने चपला काढून आत यायचं, घोटभर पाणी प्यायचं, थोडं टेकायचं आणि मग नव्याने निघायचं. लहानपणी मला याचा फार राग यायचा, कारण बाबा बाजारात गेलेत की मुकादमाकडे, हे संध्याकाळपर्यंत कळायचं नाही.

दुसऱ्या दिवशीही तो आला नाही, तेव्हा चौकीवर हवालदाराने विचारलं, "कुठे जातो म्हणाला होता?"

आई म्हणाली, "जाणाऱ्याक विचारूचा नसता."

त्याने आईकडे बघितलं, मग बाबांकडे, मग माझ्याकडे. घरातून तरणाताठा पोरगा निघतो आणि तिघांपैकी एकालाही पत्ता नाही, याच्यावर त्याचा विश्वासच बसेना. आम्ही काहीतरी लपवतोय असं वाटून तो बराच वेळ उलटसुलट विचारत राहिला. आई प्रत्येक वेळी तेच सांगत होती, आणि प्रत्येक वेळी तिचा आवाज खाली जात होता.

काही दिवसांनी सायकल सापडली. खारदांड्याला, बोंबील वाळत घालायच्या बांबूंच्या मागे, व्यवस्थित कुलूप लावून ठेवलेली. तिथे आमचं कुणी नव्हतं. त्याच्या मित्रांपैकीही कुणी तिथलं नव्हतं. पोहायला गेला असेल, कुणाच्या होडीतून गेला असेल, नाहीतर सायकल लावून कुठल्यातरी बसमध्ये चढला असेल. काहीच सापडलं नाही, त्यामुळे काहीही असू शकत होतं. किल्ली त्याच्याकडे होती. बाबांनी कुलूप तोडू दिलं नाही. तशीच टेंपोत घालून आणली आणि चाळ पडेपर्यंत ती बंद सायकल आमच्या दाराबाहेर उभी होती.

त्याचं दिवसकार्य झालं नाही. आई करू देत नव्हती आणि बाबांना तिच्यासमोर विषय काढायची हिंमत नव्हती. पुढे बाबाच गेले. खारदांडा हा शब्द घरातून बंद झाला. वांद्र्याला जायचं असलं तरी आम्ही 'त्या बाजूला' म्हणायचो.

पण तो मात्र घरातून गेला नाही. हे मी कुणाला सांगत नाही, कारण मी शाळेत गणित शिकवते आणि मला असलं बोलणं शोभत नाही. डोक्यावरून आंघोळीचं पाणी घेताना मी डोळे मिटत नाही. मिटले की कुणीतरी दाराशी उभं राहून माझी आंघोळ आटपायची वाट बघतंय असं वाटतं. चाळिशीनंतर हट्टाने पालिकेच्या तरणतलावात पोहायला शिकले. पहिल्यांदा डोकं पाण्याखाली घातलं आणि सायकलची घंटा ऐकली. तलावाच्या लोखंडी शिडीवर कुणाची तरी बांगडी आपटली असणार, हे मला वर येण्याआधीच कळलं होतं. तरी वर आल्यावर मी चारी बाजूंना बघितलं. वर्गातली मुलं एकोणीस-वीस वर्षांची होऊन भेटायला येतात, तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे न बघता चपलांकडे बघते. तो तेवढाच राहिलाय आणि मी त्याच्या आईच्या वयाची झालेय.

मग कयाक कशाला? नवऱ्याने हे एकदाच विचारलं, फार हळू आवाजात. मी म्हटलं, व्यायामाला. ते खोटं होतं हे दोघांनाही माहीत होतं. मला त्या पाण्यात जायचं होतं. किनाऱ्यावर उभं राहून नाही. तिथून बघून बघून मी थकले होते. तो जिथे कुठे होता, तिथून इकडे काय दिसतं ते मला बघायचं होतं. आणि एकदा तिथे पोचल्यावर मला परत यावंसं वाटेल की नाही, याची मला खात्री नव्हती. सगळी भीती एवढीच होती. होडी विकत घेतली तर ती बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये उभी करता येते, सेक्रेटरीशी भांडता येतं, तिच्यावर चादर घालून वर्षं काढता येतात. चालवून बघायची म्हणजे मात्र त्याच दिवशी, त्याच पाण्यात उतरायचं. म्हणून मला ती चालवून न बघता हवी होती.

आई आमच्याकडेच राहते. ऐंशीच्या आसपास आहे, कान शाबूत आहेत, गुडघे गेलेत. नवरा बौद्ध, मराठवाड्यातला. त्याच्या वडिलांनी शकुन-अपशकुन, देवऋषी, सगळं गावातच टाकून दिलेलं. लग्नानंतर पहिल्याच सकाळी मी दारात चपला घालत असताना त्याने मोकळेपणाने विचारलं, "कुठं निघालीस?" मी मुकाट्याने चपला काढल्या, आत येऊन पाणी प्यायले आणि स्टुलावर बसले. तो हसून हसून खोकायला लागला. नंतर भावाचं कळल्यावर तो हसायचा थांबला. आता तो फक्त "किती वाजेपर्यंत?" एवढंच विचारतो.

होडी बघून आलो त्या रविवारी संध्याकाळी मी फोनमधला तिचा फोटो बघत बसले होते आणि आई मागून कधी आली ते कळलं नाही. तिने फोन हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला.

"होडी मा ही?"

मी हो म्हटलं. आता सुरुवात होईल, असं वाटून मी अंग चोरून बसले. पण तिने फोटो बराच वेळ बघितला. तिचे वडील खाडीत मासे मारायचे. लहानपणी ती त्यांच्या होडीत झोपायची, हे मला मागे कधीतरी दुसऱ्याच कुणाकडून कळलं होतं.

"घेतंस?"

"बघतंय."

"बसान बघितलंस?"

"नाय."

"मगे घेतंस कशी?" ती चिडून म्हणाली, जणू मी किडकी वांगी आणली होती. "पाण्यात घातल्याशिवाय होडयेचा काय कळता?"

होडी कुठे आहे, हे तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. पण रात्री मी विकणाऱ्याला निरोप पाठवला, शनिवारी येते, चालवून बघते. पाठवल्यावर फोन उशीखाली पालथा घातला.

शनिवारी सकाळी नवरा रिक्षा बघायला खाली गेला. मी जुना पंजाबी ड्रेस, पिशवीत टॉवेल, अशी दारात चपला घालत होते. आई भिंतीला धरत धरत आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"खंय चललंस?"

मी जागच्या जागी थांबले. तिसेक वर्षांत, किंवा माझ्या अख्ख्या जन्मात, तिने मला हे कधी विचारलं नव्हतं. मला वाटलं, तिला भ्रम झालाय. पण तिने परत विचारलं, आणि तिची नजर माझ्यावर पक्की होती.

"खारदांड्याक," मी म्हटलं.

तिचा हात चौकटीवर घट्ट झाला. "कितक्या वाजता येतलंस?"

"जेवणाक येतंय."

"बरा," ती म्हणाली. मी पाणी प्यायले नाही, बसलेही नाही. जिन्यात मात्र मला रडू आलं आणि पहिल्या मजल्यावर थांबून तोंड पुसावं लागलं.

विकणाऱ्याने होडी पाण्यात धरली, मला बसवलं, वल्हं कसं धरायचं ते दाखवलं. होडी एवढी डगमगत होती की पहिल्या दहा-बारा हातांत मला दुसरं काही सुचलंच नाही. मग खडकांच्या मधली चिंचोळी वाट संपली आणि ती आपोआप शांत झाली. आत पाणी आलं नाही. चीरबीर काही नव्हती. मी तशीच पुढे गेले, विकणाऱ्याने "बस, ताई, तिथूनच फिरवा" म्हणून हाक मारली त्याच्याही पुढे, आणि मग होडी वळवून किनाऱ्याकडे बघितलं.

किती जवळ होता तो. मला वाटलं होतं, इथून सगळं पुसट दिसत असेल. पण बांबूंवरचे बोंबील दिसत होते. एक बाई चटई झटकत होती, तिच्या झटकण्याचा आवाज येत होता. कुत्रं भुंकलं तेही ऐकू आलं. माझा नवरा, ज्याच्या गावात पाणी टँकरने येतं, तो पँट न दुमडता गुडघाभर समुद्रात येऊन उभा होता. इथून ओरडलं असतं तर कुणाला तरी ऐकू गेलंच असतं.

म्हणजे तो ओरडला नसेल.

हे मनात आलं आणि मी वल्हं मांडीवर ठेवून दिलं. ओहोटी लागत होती; होडी हळूहळू मागे, पश्चिमेकडे सरकत होती. मला काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. फक्त फार बरं वाटत होतं. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं, आणि किनारा लहान होत चाललाय हे कळत असूनही मी वल्ह्याला हात लावत नव्हते. किती वेळ तशी होते कोण जाणे. मग डोक्यात आलं की मुलुंडला एक बाई भात टाकून बसली असेल आणि मी या घटकेला कुठे आहे ते तिला बरोबर माहीत आहे. तिने विचारलं होतं. मी सांगितलं होतं. मी वल्हं उचललं. येताना दंड भरून आले, दोनदा दिशा चुकली, पण आले. नवऱ्याने मला ओढून बाहेर काढलं आणि एवढ्या जोरात धरलं की विकणारा लाजून दुसरीकडे बघायला लागला.

"घेते," मी त्याला म्हटलं. "सोमवारी येऊन नेते."

घरी आले तेव्हा आई दारातच खुर्ची टाकून बसली होती. नवरा तिच्या पायांना वळसा घालून आत गेला. मी समोर उभी राहिले, ड्रेस खारट पाण्याने अजून ओलसर होता.

"पाणी कसा होता?"

"गार."

तिने माझी ओलसर बाही चाचपली. "तो दिसलो?"

"नाय गे."

तिने मान हलवली. जेवायला चल म्हणेल असं वाटलं, पण ती उठली नाही.

"त्या होडयेत दोगां बसतत?"

"नाय. एकट्याचीच आसा ती."

"मगे ती नको," आई म्हणाली. "दोगांची बघ. आणि घेवच्या आदी माका घेवन जा. बसान बघूक होया."