मिलिमीटरकाकांचा डोंगर

काकांना ऑफिसात सगळे मिलिमीटर म्हणायचे आणि काकांना ती पदवी वाटायची. इमारतींचे नकाशे काढण्यात त्यांची उभी हयात गेली. घरात साधं घड्याळ टांगायचं असलं तरी पाणसळ भिंतीला लागायची आणि तिच्यातला बुडबुडा मधोमध येईपर्यंत कोणी मोठ्याने बोलायचं नाही. काकू म्हणते, पहिल्यांदा भेटले तेव्हा हे माझ्याकडे कमी आणि आमच्या वाकड्या दाराकडे जास्त बघत होते.

मी त्यांची पुतणी. नोकरीसाठी त्यांच्याकडे राहते, म्हणून पुढचं सगळं डोळ्यांदेखत घडलं.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून पलीकडचा डोंगर दिसायचा. चहा उकळेपर्यंत काकू त्याच्याकडे बघत उभी राहायची. त्या वेळात तिला कोणी हाक मारलेली चालत नसे. मग समोरच्या मोकळ्या जागेत खांब उभे राहायला लागले आणि एके दिवशी काकांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं की हा नकाशा माझ्या हातचा, नोकरीतला शेवटचा. त्या नकाशात आमची इमारत म्हणजे शेजारचा एक रिकामा चौकोन होता. जागा समोरचीच आहे हे काकांना माहीत होतं. ती खिडकी आणि डोंगर यांच्या मधली आहे, हे मात्र सुचलं नव्हतं. नकाशात डोंगर कुठे दाखवतात?

"त्या चौकोनात मी होते," काकू म्हणाली. त्यानंतर बरेच दिवस घरात फक्त भांडी बोलत होती.

शेवटी तोडगा तिनेच काढला. डोंगर झाकायच्या आत तो मला रंगवून द्या, म्हणाली. फोटो नको, फोटोत तो उंदराएवढा दिसतो.

काका जलरंगाच्या वर्गात जायला लागले. शिकवणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या. त्यांनी सांगितलं, ब्रश मोठा घ्या, टोकाशी धरा, पाण्याला त्याचं काम करू द्या. काकांनी घरी येऊन विचारलं, पाण्याला कामावर ठेवलंय कोणी? रंग ओघळू नये म्हणून ते कागद लावलेल्या पाटीवर पाणसळ ठेवून ती सपाट करत. बाई म्हणाल्या, पाटी जरा तिरकी धरा. किती अंशात, काकांनी विचारलं. वाटेल तेवढी, म्हणाल्या. या उत्तराने काका दुखावले. तरी बाईंचा मान राखायचा म्हणून त्यांनी कोनमापकाने पंधरा अंश लावले, आणि रंग ओघळला की लगेच टिपकागद दाबला. एक ढग तर त्यांनी माझ्या केस वाळवायच्या यंत्राने जागच्या जागी थांबवला.

खरी गंमत पुढेच झाली. समोर एकेका मजल्याच्या भिंती भरत गेल्या तसा डोंगर खालून दिसेनासा व्हायला लागला. जे दिसत नाही ते दाखवणं म्हणजे खोटा नकाशा, हा काकांचा आयुष्यभराचा धर्म. त्यामुळे जेवढा डोंगर झाकला जाई तेवढा ते प्रामाणिकपणे ओल्या ब्रशने पुसत आणि त्या जागी आलेली भिंत काढत, खिडक्यांसकट. खिडक्यांची मापं तर पाठच होती. एका संध्याकाळी काकूने कागद उचलून बघितला.

"मी डोंगर मागितला," ती म्हणाली, "तुम्ही पुन्हा इमारतच काढून दिलीत."

त्या रात्री जेवताना काकांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर समोर वरच्या मजल्याची भिंत चढत होती. डोंगराचा फक्त माथा उरला होता आणि गवंड्याचा हात सपाट्याने चालला होता. मी नुसतं म्हटलं की हा आजच माथाही झाकून टाकेल. काकांनी नवा कागद ओट्यावर आणला. पेन्सिल शोधायला गेले असते तर दोन थर आणखी चढले असते. पाटी त्यांनी चहाच्या डब्याला टेकवली. कोन किती झाला, ते देवालाच ठाऊक. मोठा ब्रश पाण्यात बुडवून त्यांनी माथा एका फटक्यात ओढला आणि थांबले. खाली काय होतं, ते आता दिसतच नव्हतं.

"खाली काय असायचं?" त्यांनी काकूला विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी तिला डोंगराबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न.

काकू चहाचा गॅस बारीक करून सांगायला लागली. डावीकडे जरा काळपट. एवढं नाही हो, ओलं काळपट. मधे एक पायवाट, पण ती कधी दिसायची, कधी नाही. काकांनी विचारलं, मग दाखवू की नको? ती म्हणाली, दोन्ही करा. काका तिच्याकडे बघत राहिले, मग ओल्या रंगातून त्यांनी कोरडा ब्रश फिरवला. पायवाट उमटली आणि अर्ध्यावर विरून गेली. तेवढ्यात डावीकडचा निळा रंग आभाळात घुसायला निघाला. काकांचा हात टिपकागदाकडे गेला. काकूने टिपकागद उचलून साखरेच्या डब्याखाली सारला.

"जाऊ दे त्याला," ती म्हणाली. "सकाळी तो असाच आभाळात शिरायचा."

रंग हवा तिथे जाऊन थांबला. काका हात मागे बांधून उभे राहिले, बुडबुड्याकडे बघायचे तसे. समोर माथाही गेला होता. चहा उतू गेला, तोही कोणी आवरला नाही.

कागद वाळल्यावर काकांनी बारीक ब्रश काढला. उजवीकडचं एक झाड सरळ करून घेतो, म्हणाले. काकूने ब्रश काढून घेतला. मग निदान खाली नोंद तरी करू दे, म्हणत त्यांनी कोपऱ्यात नकाशावर असतात तसे दोन छोटे चौकोन आखले, तेही पट्टी न घेता. एकात 'काढणारा' लिहून सही केली, दुसऱ्यात 'तपासणारी' लिहून पेन तिच्यापुढे धरलं. सही नसेल तर नकाशा मंजूर होत नाही, म्हणाले.

काकूने चित्र बराच वेळ न्याहाळलं. "आणि चूक निघाली तर?"

"तर परत काढावं लागेल."

"मग आता डोंगर कुठून आणणार?" ती म्हणाली आणि सही केली, चौकोनाच्या चांगली बाहेर जाईल एवढी मोठी.