मुलाणी चाचांची झाडं आणि ती शुक्रवारची दुपार

तो फ्लेक्स उतरवा.

आत्ताच्या आत्ता.

सोसायटीच्या गेटवर मुलाणी चाचांचा फोटो, त्याखाली 'वृक्षमित्र', आणि तळाला कमिटीतल्या सगळ्यांचे हसरे चेहरे.
लाज वाटत नाही?

काल दुपारी चाचा गॅरेजमध्ये काम करता करता कोसळले. आज सकाळी दफन झालं. आणि ज्यांनी त्यांची झाडं पाडली तेच आज शोक करतायत.

ज्यांना चाचा माहीत नाहीत त्यांच्यासाठी लिहिते.

मी चिखलीत राहते. आमच्या बिल्डिंगच्या मागे सोसायटीचीच एक मोकळी पट्टी आहे. बिल्डर तिथे राडारोडा टाकून निघून गेला होता. लॉकडाऊननंतर आम्ही ठरवलं, इथे आपल्या मातीतल्या झाडांचं छोटं जंगल करायचं. करंज, बहावा, शिसव, तामण, आपटा. एकमेकांना खेटून, दाट.

पहिल्या रविवारी अख्खी सोसायटी हजर. सेल्फी, वडापाव, टाळ्या.
चौथ्या रविवारी मी एकटी.

त्या पट्टीच्या समोरच चाचांचं टू-व्हीलरचं गॅरेज. मला दगडांशी झटताना बघून ते पहार घेऊनच आले.
"ताई, मला इंजिन कळतंय, झाडाचं काय कळत न्हाई. पण खड्डा मारता येतोय."

तो राडारोडा त्यांनी फोडला. शेणखत आणि भाताचं तूस त्यांनी मातीत कालवलं. मी रोपं लावत गेले.

चाचा मूळचे भूम गावाकडचे. एक दिवस लाजत म्हणाले, "एक भोकर लावायचं का? अम्मी लोणचं घालायची त्याचं."
लावलं.

मग रोज सकाळी शटर उघडायच्या आधी गॅरेजमधून पाइप ओढून पाणी. मी पण जायचे, ऑफिसचा कॉल नसेल तेव्हा. चाचांनी एक दिवस चुकवला नाही. बहावा माझ्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीला आला. भारद्वाज यायला लागला. भोकराला फळं धरली, तेव्हा चाचांनी रस्त्यावरच्या गिऱ्हाइकांना हाताला धरून आत नेऊन दाखवली.

आणि मग तक्रारी सुरू झाल्या.
डास होतात. साप निघेल. कचरा पडतो.

खरं कारण सगळ्यांना माहीत होतं. घरटी दुसरी गाडी आली होती, पार्किंगला जागा हवी होती.

मीटिंगमध्ये चेअरमन म्हणाले, "झाडं महत्त्वाची की माणसं?"
चाचा तिथे नव्हते. ते मेंबर नाहीत ना!
मी म्हणाले, "निदान अर्धं तरी ठेवा."
मागून कोणीतरी बोललं, "मॅडम, तुमची गाडी शेडमध्ये असते, तुम्हाला काय?"
सगळे हसले. मी खाली बसले.

गुरुवारी ग्रुपवर मेसेज आला. "उद्या दुपारी एक वाजता मागची जागा क्लिअर होईल. वेळ मुद्दाम तीच ठेवली आहे, उगाच वाद नको."

शुक्रवार, दुपारी एक.
चाचा नमाजला जातात ती वेळ.

मी तो मेसेज वाचला. गॅरेज रस्त्याच्या पलीकडे, शंभर पावलांवर. मी गेले नाही. वाटलं, कोणीतरी सांगेल.

दुसऱ्या दिवशी जेसीबीचा आवाज आला तेव्हा मी खिडकी लावली आणि कॉलवर म्हणाले, "येस, ऑडिबल."

चाचा परत आले तोवर अर्धं जंगल आडवं झालं होतं. टोपी तशीच डोक्यावर, धावत येऊन ते जेसीबीच्या समोर उभे राहिले.
"थांबव बाबा! कामून पाडायलास? फळं हायत त्याला!"

ड्रायव्हरने मशीन बंद केलं. खाली उतरला. पडलेल्या भोकराकडे बघून म्हणाला, "मला झुडपं साफ करायचीत म्हणून सांगितलं होतं."
चेअरमन वरून ओरडले, "काम अर्धं टाकून कुठे चाललास?"
"तुम्हीच करा बाकीचं," म्हणाला आणि गेला.
त्या एका अनोळखी माणसामुळे उरलेलं अर्धं वाचलं. आमच्यातल्या एकामुळेही नाही.

मी खाली गेले तेव्हा चाचा भोकराची हिरवी फळं रुमालात गोळा करत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं,
"ताई, तुम्हाला ठाऊक होतं का?"

"नाही चाचा. आत्ताच कळलं."

"मग ठीक हाय," म्हणाले.

त्यानंतर मी त्या बाजूला फिरकले नाही. आठ महिने पुढच्या गेटने जाते-येते. राहिलेल्या झाडांना चाचा एकटे पाणी घालत राहिले. काल सकाळपर्यंत.

आज चाचींकडे गेले होते. राहवलं नाही, सांगून टाकलं. चाची, मला ठाऊक होतं. मी खोटं बोलले.

चाची माझ्याकडे बघत राहिल्या.
"त्यांना कळलं होतं, बेटा. त्याच दिवशी घरी येऊन म्हणले, ताई खोटं बोलली, तोंड उतरलं होतं तिचं. येईल दोन-चार दिसांनी पाण्याला. आली की कुणी काही बोलू नका तिला."

चाचा, तुम्ही वाट बघितलीत.
मी आले नाही.

चेअरमनवर, कमिटीवर, अख्ख्या सोसायटीवर संताप आहे माझा. पण तुमच्याशी खोटं बोललेली मी एकटीच.

शरमेने मान खाली घालून, तुम्हाला अखेरचा सलाम.