एका ताऱ्याच्या भांडणासाठी आरमोरी

मी आरमोरीला गेले ती एका माणसाला खोटं पाडायला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे निसर्गाचं कौतुक सापडलं नाही तर तक्रार नको.

भांडण एका ताऱ्याचं होतं. उत्तर मुकुट तारकासमूहात एक रूपविकारी तारा आहे, म्हणजे ज्याचं तेज कमी-जास्त होतं असा. एरवी तो दुर्बिणीशिवाय दिसत नाही. साधारण ऐंशी वर्षांतून एकदा मात्र त्याचा भडका उडतो आणि काही दिवस तो नुसत्या डोळ्यांनाही ध्रुवताऱ्याएवढा दिसतो. याला नवतारा म्हणतात, तारा जुनाच असला तरी. मागचा भडका १९४६ सालचा. पुढचा ‘आता कधीही’, असं गेली दोन-तीन वर्षं सगळे सांगतायत. आमच्या तारे बघणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर आठवड्याला कोणीतरी ‘आज रात्री नक्की बघा’ असं टाकतं आणि स्वतः झोपून जातं.

रोज बघणारे आम्ही मोजके. शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी तुलना करायची, तेजाचा आकडा ठरवायचा आणि पाठवायचा. मी नागपूरच्या गच्चीवरून दोन वर्षं बघतेय. तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलंय, त्यामुळे माझे आकडे कसे सरळ रेषेत. आरमोरीजवळच्या खेड्यात राहणारे खोब्रागडे भाऊ पूर्वी चंद्रपूरला वीजकेंद्रात होते, आता शेती आणि तारे. त्यांचे आकडे कायम वर-खाली. जानेवारीत त्यांनी तारा मंदावल्याचं कळवलं. मंदावणं ही भडक्याची चाहूल असू शकते, त्यामुळे ग्रुपवर खळबळ उडाली. मी सगळ्यांसमोर लिहिलं, ‘भाऊ, आधी मोतीबिंदू काढा, मग तारे मोजा.’ लोकांनी धडाधड हसरे चेहरे टाकले. त्या दिवसापासून भाऊंनी आकडे पाठवणं बंद केलं.

मग हळूहळू तेच लोक म्हणायला लागले, एवढं काळं आकाश असलेला एकच माणूस होता, तोही घालवला. म्हणजे दोष माझा. ठीक आहे, म्हटलं, माझी दुर्बीण त्यांच्याच अंगणात लावते आणि एकदाचं दाखवून देते.

पहिला दिवस. एप्रिलचा पहिला पंधरवडा, अमावास्या जवळ. नागपूरहून वरोऱ्यावरून चंद्रपूर, गाडीने साडेतीन तास, रस्ता उत्तम. तिथून ताडोब्याच्या वेशीजवळच्या एका रिसॉर्टवर मुक्काम केला, कारण जाहिरातीत ‘तारकांच्या छायेत’ असं लिहिलं होतं. खोली साडेचार हजार, ‘तारांगण अनुभव’ वेगळा. लॉनवर चौदा हॅलोजन. त्या उजेडात आकाशच काय, जेवणाच्या ताटातली माशीसुद्धा लपू शकत नव्हती.

गाइडने हिरवा लेझर आकाशात फिरवला आणि स्वातीच्या ठळक ताऱ्यावर रोखून म्हणाला, “हा बघा, हाच फुटणार आहे.”

“हा स्वाती आहे. हा काही फुटत नाही,” मी म्हटलं.

“मॅडम, गेस्टला दिसेल असाच दाखवावा लागतो.”

मागून एका बाईंनी विचारलं, वाघ याच बाजूने येतो का. मी खोलीत जाऊन झोपले. ताऱ्यांसाठी जाणाऱ्यांनी हा मुक्काम टाळावा, वाघासाठी जाणाऱ्यांचं मला माहीत नाही.

दुसरा दिवस. चंद्रपूर, मूल, सावली, गडचिरोली. मूलपर्यंत रस्ता चांगला, पुढे दुरुस्तीच्या नावाखाली अर्धा उकरून ठेवलेला. वैनगंगा ओलांडली की गडचिरोली. तिथे तर्री-पोहे खा, स्वस्त आणि जहाल. पाणी मात्र आपलं ठेवा.

आरमोरीच्या वाटेवर जंगलात जिकडेतिकडे धूर. मोहफुलांचे दिवस होते. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात. टोपल्या घेऊन घरंच्या घरं झाडाखाली बसलेली. मी मनात म्हटलं, हेच ते काळं आकाश, धुराने काळं झालेलं.

भाऊंनी दारातच हात जोडले. मोतीबिंदूचा विषय नाही, राग नाही. मला ते जास्तच खुपलं. त्यांच्या पत्नी सुलोचनाबाईंनी भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि सुक्या मासळीची चटणी वाढली. नागपुरात असं वरण मिळत नाही, एवढं कौतुक मी करते.

अंगणात त्यांचं यंत्र बघून मला हसू आवरेना. एका बाजेवर लाकडी चौकट ठोकलेली आणि तिला मोठी द्विनेत्री, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी बघायची दुर्बीण, सुतळीने बांधलेली. भाऊ बाजेवर आडवे होऊन बघतात.

साडेदहाला उत्तर मुकुट वर आला. गावावर धूर नव्हता, वाऱ्याने दुसरीकडे नेला होता. भाऊंनी बघितलं, घरात गेले, चिठ्ठीवर काहीतरी लिहून घडी घातली आणि खिशात ठेवली. मग सुलोचनाबाई बाजेवर आडव्या झाल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी आकडा सांगितला. तेव्हा कुठे भाऊंनी चिठ्ठी उघडली.

“हे कशासाठी?” मी विचारलं.

“तुम्ही मोतीबिंदूचं लिहिलं नं बाई, तवापासून मले माह्या डोळ्यावर भरोसा नाई,” भाऊ म्हणाले. “गडचिरोलीले तपासून आलो. डाव्या डोळ्यात सुरुवात हाये, उजवा साफ हाये म्हणते डॉक्टर. तरी म्हटलं, दोघांनी पाह्याचं. एकमेकाले आकडा सांगाचा नाई. जमला तं लिहाचा.”

“मग पाठवत का नाही?”

“कोनाले पाठवू?”

मी उठून गाडीतून माझी दुर्बीण काढली आणि लावली. आरसा बसवलेला नेत्रभाग, म्हणजे मान न मोडता वाकून बघता येतं. तारा मध्यभागी आणला आणि म्हटलं, बघा भाऊ, किती स्थिर आहे. भाऊंनी बघितलं. पुन्हा बघितलं. बाजूला झाले आणि पत्नीला म्हणाले, “तू पाय.”

सुलोचनाबाईंनी डोळा लावला आणि लगेच काढला.

“हा आपला नाई जी.”

“तोच आहे,” मी म्हटलं. “दोन वर्षं बघतेय मी.”

“ते चुलीच्या दगडावानी तीन तारे आपल्या ताऱ्याच्या उजवीकडं रायते. इथी डावीकडं हायेत. सारंच उलटं दिसून राह्यलं तुमच्या यंत्रात.”

भाऊ जमिनीकडे बघत होते. मी टॉर्चला लाल कागद लावून नकाशा काढला. मग तो उलटा धरून मागून उजेड पाडला, तेव्हा तो यंत्रातल्या दृश्याशी जुळला. आरशातून डावं-उजवं पालटतं. माझा नकाशा सरळ होता, दृश्य आरशातलं होतं. ज्या ठळक ताऱ्याच्या खुणेने मी जागा शोधते, त्याच्या भलत्याच बाजूला बसलेला एक साधा तारा मी दोन वर्षं मोजत होते. तेजाने जवळपास तेवढाच, म्हणून कुणालाच शंका आली नाही. आकडे सरळ रेषेत होते कारण तो तारा कधी बदलतच नाही. आरशात डावं-उजवं पालटतं, हे मी तीस वर्षं दहावीच्या पोरांना शिकवलंय आणि उत्तर चुकल्यावर बाकावर उभं केलंय.

“होते असं,” भाऊ म्हणाले.

“तुमचं झालं होतं का?”

“नाई,” ते म्हणाले. त्यांना खोटं बोलता आलं नाही. मला त्या क्षणी गाडी काढून रात्रीच पळून जावंसं वाटलं.

मग त्यांनी मला बाजेवर झोपवलं. द्विनेत्रीत मी खरा तारा पहिल्यांदा बघितला. चिठ्ठीवर आकडा लिहिला. त्यांच्या आकड्यापासून तो एका दशांशाने दूर होता. सुलोचनाबाई म्हणाल्या, पहिल्या दिवशी त्यांचाही तेवढाच चुकला होता.

तिसरा दिवस. ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेड, नागपूर. परतीचा हा रस्ता जवळचा आणि बरा. नागभीडला चहा घेतला, चव आठवत नाही.

घरी येऊन मी ग्रुपवर लिहिलं: ‘माझे दोन वर्षांचे सगळे आकडे चुकीच्या ताऱ्याचे आहेत, ते रद्द समजा. खोब्रागडे भाऊंच्या डोळ्यांबद्दल मी लिहिलं त्याची माफी मागते.’ दोन जणांनी हात जोडले, एकाने ‘वाटेत कुठे उतरलात’ विचारून रिसॉर्टचा नंबर मागितला. जानेवारीत तारा खरंच मंदावला होता का, हे सांगायचा अधिकार आता मला नाही.

संध्याकाळी भाऊंचा फोन आला. आजपासून ते पुन्हा पाठवणार होते. “पन बाई, तुमचा आकडा आधी. आमचा पाहून लिहाचं नाई.”

आरसा काढून टाकला, मान मोडून गच्चीवर दीड तास बसले. आकाशात धुरळा भरलेला, ती जागा सापडली पण तारा काही उमटेना. अशा रात्री पूर्वी मी काय करायचे ते सांगते: कालचाच आकडा लिहायचे. तारा कुठे पळून जातोय, असं म्हणून खाली यायचे आणि निवांत झोपायचे. माझ्या सरळ रेषेतला एक मोठा हिस्सा असाच तयार झालाय, आणि हे भाऊंनासुद्धा अजून माहीत नाही.

या वेळी मी लिहिलं, ‘दिसला नाही’, आणि आरमोरीला पाठवून दिलं.