हरिदासचे दोन दात

हरिदास निमगडेच्या तोंडात वरचे पुढचे दोन दात नाहीत, आणि ते काही म्हातारपणानं पडलेले नाहीत. एकविसाव्या वर्षी, एकाहत्तरच्या लढाईत, बंगालातल्या एका नदीत ओल्या दोराच्या झटक्यानं ते गेले. ही गोष्ट साऱ्या जगात दोनच माणसांना ठाऊक होती, एक तो स्वतः आणि दुसरा गुलाब. दोघांतच ठेवायचा शहाणपणा मात्र एकट्या हरिदासचा.

दोघं मार्कंड्याच्या देवळासमोरच्या तीरावरचे, वैनगंगेत डोंगा चालवत वाढलेले, एकाच दिवशी फौजेत भरती झालेले. म्हणूनच सुभेदारसाहेबांनी त्यांना निवडलं. पहाटेच्या धुक्यात दोर घेऊन नदी पार करायची, पलीकडच्या झाडाला बांधायचा आणि त्या दोराला धरून बाकीच्यांनी यायचं, असं ठरलं होतं. मध्यावर गोळीबार सुरू झाला आणि गुलाब घाबरून डोंग्याच्या तळाशी पालथा पडला. "हरी, मले घरी ने. मले माह्या मायजवळ ने," एवढंच तो रडत रडत बोलत होता. वल्हवायला दोघं लागत होते. हरिदासनं दोराचं टोक दातात धरलं आणि पाण्यात उडी घेतली. दोराला एक झटका बसला तसे दोन दात गेले. मग त्यानं दोर दाढांत धरला. पलटण पार झाली. धुक्यात पाण्यातलं डोकं कुणाचं ते कुणाला दिसलं नव्हतं. सुभेदारसाहेबांना माहीत होतं, पण तिसऱ्या दिवशी तेच कामी आले आणि गोष्ट कागदावर चढायची राहून गेली.

दोघं सुट्टीवर आल्यावर गुलाबचा बाप नदीवर सामोरा आला. अख्ख्या गावासमोर त्यानं विचारलं, "हरी, माहा पोट्टा लढला का गा?" गुलाब जमिनीकडं बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. हरिदासला ते बघवलं नाही. तो बोलून गेला, "काका, दोर गुलाबनंच नेला. तो नसता तं मी आज इथी नसतो."

त्या संध्याकाळी गुलाबनं त्याचे पाय धरले. "कोनालेच सांगू नको, हरी. मरेपर्यंत नाई." हरिदासनं शब्द दिला, आणि त्याचा शब्द म्हणजे शब्द! बायकोला, बायनाबाईलासुद्धा, त्यानं दातांचं कधी खरं सांगितलं नाही. पडलो, म्हणाला.

पुढं दर सव्वीस जानेवारीला शाळेत झेंड्याखाली गुलाब ती गोष्ट सांगू लागला. नदी दरवर्षी रुंद होत गेली, गोळ्या वाढत गेल्या. हरिदास पोरांमध्ये बसून टाळ्या वाजवायचा. खरं सांगायचं तर त्याला मजाही यायची. आपलं धाडस दुसऱ्याच्या अंगावर का होईना, पण चांगलं शोभतंय, असं त्याला वाटायचं.

नात रोशनी पोलीस भरतीची तयारी करू लागली, तेव्हा मात्र त्याचं मन चुळबुळू लागलं. रोज पहाटे ती रस्त्यावर धावायची आणि हा घड्याळ घेऊन मैलाच्या दगडापाशी उभा राहायचा. शेतीचा तुकडा पोराच्या नावावर झाला होता. तिला द्यावं असं त्याच्याजवळ काय उरलं होतं? एक ती गोष्ट होती. भरती झाली की हिला एकटीला सांगायचं, मग शब्द मोडला तरी चालेल, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

आणि मागच्या महिन्यात तालुक्याला ज्येष्ठ माजी सैनिकांचा सत्कार निघाला. दोघांना शाल आणि नारळ मिळाला. रोशनी पहिल्या रांगेत मोबाईल धरून बसली होती. गुलाबच्या हातात माईक आला. नदी आली, धुकं आलं, दोर आला. सगळं पाठ होतं, तरी हरिदास हसतमुखानं ऐकत होता.

"आता एक गोष्ट सांगतो, पन्नास वर्सं पोटात ठेवली," गुलाब म्हणाला. "आता म्हातारे झालो, आता कायची लाज? हा हरी डोंग्यात पालथा पडून रडून राह्यला होता. 'गुलाब, मले घरी ने, माह्या मायजवळ ने.' मी ठेवून देल्ली एक थापड! त्याचे दोन दात गेले पाहा, ते माह्याच थापडीनं. पन मित्र हाये. कोनाले सांगतलं नाई मी."

सभागृह हसलं. वाईटपणानं नाही, मायेनं हसलं. हरिदासनं गुलाबकडं पाहिलं. तो डोळा मारेल, मान तरी खाली घालेल, असं वाटलं त्याला. गुलाबचे डोळे पाण्यानं भरले होते, आणि ते पाणी खरं होतं. तेच भयंकर होतं. या मेल्यानं धाडस कधीच नेलं होतं, त्याचं काही नाही, ते हरिदासनंच दिलं होतं. पण आता आपलं भेव, आपलं रडणं, आपल्या मायची हाक, सगळं त्यानं हरिदासच्या गळ्यात बांधलं आणि दातही नेले.

"हरिदासभाऊ, दोन शब्द बोला," कुणीतरी माईक पुढं केला.

त्यानं तोंड उघडलं. पहिल्या रांगेतल्या लोकांची नजर त्या दोन दातांच्या खिडकीवर गेली आणि त्यांना पुन्हा हसू आलं. काय सांगणार? पहिली साक्ष त्याचीच होती, अख्ख्या गावासमोर दिलेली. रोशनीनं मोबाईल खाली ठेवला होता. "जय भीम, जय हिंद," एवढं बोलून तो खाली बसला.

परतताना नदीच्या पुलाअलीकडं रोशनीनं स्कूटी थांबवली.

"आबाजी, भेव तं सगळ्याइले लागते," ती म्हणाली. "मैदानावर उतरली का मले बी रडू येते. तुमी मनाले लावून घेऊ नका."

शिवी दिली असती तर हरिदासनं सोसली असती, ही माया सोसवेना.

"रोशनी," तो म्हणाला, "दोर माह्या दातात होता. डोंग्यात गुलाब रडून राह्यला होता."

रोशनीनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. शेवटच्या वर्षी बायनाबाईचं डोकं चालेनासं झालं होतं. मेलेल्या भावाचं नाव घेऊन ती रोज म्हणायची, दादा गाडी घेऊन आला, मले न्यायले. तेव्हा ही पोरगी तिच्याजवळ बसून हळूच म्हणायची, हो आजी, आला.

आताही तिनं त्याच्या खांद्यावरून घसरलेली शाल नीट केली.

"हो, आबाजी," ती तशीच हळूच म्हणाली. "तुमच्याच दातात होता."