हात न लावता सुरू झालेला बोर्ड

सोमवारी सकाळी चाकणहून फोन आला आणि माझा चहा तसाच राहिला… आमच्या भोसरीच्या छोट्या युनिटमधून गेलेले मशीनचे टायमर बोर्ड तिथल्या कारखान्यात पहिल्या शिफ्टला सुरूच होत नव्हते. सगळे नाही, काही. तेही फक्त सकाळच्या गारठ्यात.

आमच्याकडे सर्किट मी बनवते आणि प्रत्येक बोर्ड सुरेखाताई तपासतात. मूळच्या लातूरकडच्या, साधारण माझ्याच वयाच्या. साहेब मीटिंगमध्ये सरळ म्हणाले, टेस्टिंग नीट होत नाहीये, यांना पॅकिंगला बसवा.

बाहेर आल्यावर ताई मला म्हणाल्या, "मॅडम, एक बी बोर्ड न बघता सोडला नाही मी. तुम्हाला तरी पटतंय ना?"

पटत होतं… पण नुसतं पटून काय उपयोग?

या बोर्डवर एक इवलासा क्रिस्टल असतो. करंट मिळाला की तो थरथरायला लागतो आणि त्याच्या ठोक्यावर अख्खा बोर्ड चालतो. ठोकाच पडला नाही तर बोर्ड नुसता पडून राहतो.

चाकणहून परत आलेला एक बोर्ड मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गारठ्यातच टेबलावर ठेवून लावला… बंद. तोच ताईंना नेहमी तपासतात तसा लावायला सांगितला, त्यांनी हातात घेऊन लावला… सुरू! "बघा, मला ओळखतंय ते," असं म्हणून त्या मीटिंगनंतर पहिल्यांदा हसल्या.

मी मात्र त्यांच्या हाताकडे बघत होते. बोर्ड धरताना त्यांचा अंगठा सवयीने बरोबर क्रिस्टलवर येत होता. त्या स्पर्शाने सर्किटला जरासा धक्का मिळायचा आणि ठोका सुरू व्हायचा. चाकणला बोर्ड बंद डब्यात… तिथे कोण हात लावणार?

मग खरं कारण सापडलं. मध्यंतरी आम्ही क्रिस्टल दुसऱ्या कंपनीचा घेतला होता, पण शेजारचे दोन कपॅसिटर जुनेच राहिले होते. नव्या क्रिस्टलला ते जड पडत होते, म्हणून सुरुवातीचा जोर अपुरा पडायचा.

एका बोर्डवर कमी क्षमतेचे कपॅसिटर लावले. परीक्षेपुरता ठोक्याच्या वाटेत मुद्दाम करंट अडवणारा एक जास्तीचा रेझिस्टर घातला, म्हणजे त्याला आणखी कठीण जावं. मग बोर्ड पिशवीत गुंडाळून पॅन्ट्रीच्या फ्रिजमध्ये, सगळ्यांच्या दह्याच्या डब्यांशेजारी ठेवून चांगला गार केला.

"ताई, फक्त सप्लायचं बटण दाबा. बोर्डला हात लावायचा नाही." बोर्डवरचा दिवा लागला. बंद करून परत दाबलं… परत लागला. त्या दाबतच राहिल्या, आणि मी थांबवलंही नाही.

परत आलेल्या सगळ्या बोर्डचे कपॅसिटर बदलले, आणि गुरुवारी पहिल्या शिफ्टला ताईंना घेऊनच चाकण गाठलं. तिथले सुपरवायझर जवळच्याच गावचे. एकेक मशीन चालू करत गेले आणि शेवटी म्हणाले, "समदे चालू हायेत की, मॅडम."

मी तिथूनच साहेबांना फोन लावला आणि सगळं सांगून ताईंच्या हातात दिला. टेस्टिंगला कुणाला बसवायचं, साहेबांनी विचारलं. "मलाच," ताई शांतपणे म्हणाल्या, "पण आता बोर्ड स्टँडवर ठेवून."

इतकी वर्षं सर्किट करतेय, पण मशीनवरचे दिवे बघून डोळे भरून आले ते त्या सकाळी…

थँक्यू ताई. सगळे तुमच्याकडे बोट दाखवत असताना, माझ्यासमोर तो बोर्ड पुन्हा हातात घेतलात म्हणून.