सेल्डम, रेअरली आणि माझा पोरगा

पोराचे सासू-सासरे पहिल्यांदा दिग्रसला आमच्या घरी आले, तेव्हा ते अजून त्याचे सासू-सासरे व्हायचे होते. पोरगी त्याच्याच ऑफिसातली, बंगाली. आपली लेक कशा घरात पडते आणि पोरगा कसा आहे, हे तिच्या आईला डोळ्यांनी पाहायचं होतं. लग्न त्या एका दुपारवर अडलेलं.

पोरानं बजावलं होतं, "आई, त्यायले हिंदी समजते. तू हिंदीतच बोल."

"हिंदी त आपण भाजीवाल्याशी बोलतो," मी म्हटलं. "इंजिनिअरची माय आहो मी!"

पन्नाशी ओलांडलेली बाई, शाळेत इंग्रजीला काठावर सुटलेली, आणि तोरा पाहा!

शिकवायचं काम धाकट्या लेकीकडे आलं. मी अंबाडी निवडायचे, ती शब्द सांगायची. तिचा अंदाज होता की पाहुणे विचारतील ते 'किती वेळा'चंच. तर तेवढी उत्तरं पक्की करू. ऑलवेज म्हणजे नेहमी, समटाइम्स म्हणजे कधीमधी, नेव्हर म्हणजे कधीच नाही. एवढ्यानं भागलं असतं. पण मला एकच शब्द दोनदा वापरणं म्हणजे पाहुण्यांना दोन्ही वेळा वांग्याचीच भाजी वाढल्यासारखं वाटे. मग तिनं 'बऱ्याचदा'साठी ऑफन आणि फ्रिक्वेंटली दिले, 'क्वचित'साठी तर सेल्डम, रेअरली, हार्डली एव्हर. सेल्डमवर माझा फार जीव. भांडं पडल्यासारखा वाजायचा.

पाहुणे आले, पोरगीही सोबत होती. पाटोडीच्या रश्श्यानं पोरीच्या आईच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी त्या हसत होत्या. मग त्यांनी इंग्रजीत विचारलं, मुलगा तुम्हाला फोन करतो का?

आमच्याकडे आपल्या पोराचं कौतुक आपल्या तोंडानं करत नाहीत, नजर लागते. शेजारीण म्हणाली, "पोरगा गुणाचा आहे वं तुहा," की माय म्हणणार, "कायचा गुणाचा! दोन दिवस ठेवून पाय तुह्या घरी." शेजारणीला काय समजायचं ते समजतं. ही रीत मी तशीच्या तशी इंग्रजीत ओतली.

"सेल्डम," मी म्हटलं.

घरात मदत करतो?

"रेअरली."

स्वयंपाक येतो, करतो कधी?

"हार्डली एव्हर!" हा अवघड शब्द जमला म्हणून मी लेकीकडे पाहिलंसुद्धा. तिनं डोळे वटारले होते. मला वाटलं, उच्चार चुकला.

बाईंनी आवाज उतरवून विचारलं, रागावतो का? नाही म्हणावं तर ते कौतुकच झालं. "फ्रिक्वेंटली," मी म्हटलं, आणि वर ठेवणीतलं हसू.

कोणीच हसलं नाही. पोरीच्या बापानं चहाचा कप खाली ठेवला. पोरगी माझ्या पोराकडे पाहत होती, पोरगा जमिनीकडे. लेकीनं मला हाताला धरून स्वयंपाकघरात ओढलं.

"माय वं, तू त्याचं लगन मोडून राह्यली!"

"काहून? मी त रीतीनंच बोलली."

"तुही रीत त्यायले काय मालूम?"

कानशिलं तापली. माठातलं पाणी प्याले, पदर सारखा केला, बाहेर आले आणि भाजीवाल्याशी बोलायच्या हिंदीत म्हटलं, "बहनजी, मैं सब झूठ बोली. हमारे में माँ अपने बच्चे की बड़ाई नहीं करती. नजर लगती है."

बाई माझ्याकडे सरकून बसल्या. "नजर हमारे यहाँ भी लगती है," त्या म्हणाल्या. "लेकिन मुझे बेटी देनी है. अब सच बोलिए."

इथे खरी पंचाईत झाली. पोरगा समोर बसलेला. त्याच्या जन्मात त्याच्यादेखत मी असलं काही बोलले नव्हते. फरशीकडे पाहत सांगितलं. रोज फोन करतो. घरी आला की सकाळचा चहा तोच ठेवतो, कणीकही मळतो. मला टायफॉइड झाला तेव्हा रजा घेऊन आला आणि माझ्या केसांचा गुंता सोडवून वेणी घालून द्यायचा. वाकडी, पण घालायचा.

"और गुस्सा?"

"मैं छेड़ूँ तब."

बाई हसल्या तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. जाताना त्यांनी पोराच्या पाठीवर हात ठेवला, आणि दारातच लग्न कोणत्या महिन्यात करायचं हा विषय काढला.

पाहुण्यांची गाडी गेली. मी मोरीत भांड्यांना बसले तर पोरगा मागे येऊन उभा राहिला.

"आई, हे सारं तुले मालूम होतं?"

"म्हंजे?"

"मले वाटे, तुले दिसतच नाही."

एवढं शिकलेलं पोर, शेजारणीला समजायचं ते त्याला समजत असेल असं मी धरूनच चालले होते. मी भांडी घासत राहिले. त्यानं माझ्या हातातलं पातेलं घेतलं आणि घासायला लागला. 'ठेव, तुले कुठं येते,' हे सवयीनं माझ्या ओठांवर आलं होतं. ते गिळलं, आणि त्याच्याकडे राखेचा डबा सरकवला.