दारातली ताटली

व्यासराजांना स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत, धातूंवर मुलामा चढवणाऱ्या एका प्लेटिंगच्या कारखान्यात ते रसायनांचं स्टोअर सांभाळत. त्यात ऑक्सिडीकारकांची खोली वेगळी: धातू उजळायला नायट्रिक ॲसिड, सांडपाणी शुद्ध करायला पेरॉक्साइड आणि परमँगनेट. येणाऱ्याजाणाऱ्याला धरून ते सांगत, "हे स्वतः पेटत नाहीत, पण दुसरं काही पेटलं की त्याला प्राणवायू पुरवतात. मग गोणपाटानं दाबली तरी आग विझत नाही."

खोलीच्या दारात ताटली होती. काडेपेटी, लायटर, मोबाइल तिच्यात टाकल्याशिवाय आत पाऊल नाही, मग खुद्द मालक का असेनात. मालक शेषाद्री हसत. "पेटवायला तुम्ही एकटे पुरे आहात, सार!"

आयुधपूजेला, म्हणजे यंत्रं-अवजारांच्या पूजेला, दरवर्षी व्यासराज आगीच्या धास्तीनं सगळ्यांना भंडावून सोडत. म्हणून यंदा शेषाद्रींनी त्यांना घरीच थांबवलं. व्यासराजांची मुलगी हरिणी तिथंच लॅबमध्ये कामाला होती. पूजा तिच्याकडे सोपवली.

घरी व्यासराजांचं चित्त काही थाऱ्यावर नव्हतं. देवापुढं दिवा लावला आणि ते कापूर पेटवणार, तेवढ्यात फोनवर कारखान्यातून फोटो आला, खोलीच्या दारातून काढलेला. ऑक्सिडीकारकांच्या पिंपांना चंदन-कुंकू, मधोमध चुरमुरे, गूळ आणि आरतीच्या ताटात कापूर! शेजारी हरिणी.

त्यांनी तिला फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला.

"अय्यो, आरती तरी करा!" बायको धनलक्ष्मी ओरडली. ते केव्हाच जिना उतरले होते. मेट्रोत रिकामी जागा असूनही ते दारापाशीच उभे राहिले. मुलीच्या काळजीनं त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

ते कारखान्यात धावतच शिरले. अंगणात वाजंत्री चालली होती, पण हरिणी कुठं दिसेना. ते तसेच त्या खोलीकडे सुटले. दारात हरिणी आडवी उभी होती.

"कापूर कुठाय?"

"अंगणात नेऊन लावलो अप्पा. फोटोपुरताच आत होता. चुरमुरे, गूळ अस्कं काढलो." तिनं ताटली पुढं केली. "आता तुमचं?"

"माझं काय? बाजूला हो, मला बघू दे."

हरिणी हलली नाही. तिची नजर त्यांच्या सदऱ्याच्या खिशावर होती.

व्यासराजांनी खिशात हात घातला. घरच्या कापरासाठी काढलेली काडेपेटी हाताला लागली. काडेपेटी ताटलीत ठेवून ते बाहेर पायरीवर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.